ख्रिस्तोफर कोलंबस : त्याचा स्वभाव व त्याचे हेतू
(महोत्सवाच्या व्याख्यानमालेत वाचलेले भाषण)



महोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगी एखाद्या संताचे चरित्र ऐकावयास मिळेल अशी आपल्यांपैकी कित्येकांची अपेक्षा असेल. परंतु ज्या पुरुषाविषयी आम्ही आज बोलणार आहोत तो संत नव्हे. त्यास संतपद मिळावे म्हणून एके काळी पुष्कळ खटपट झाली, शेकडो बिशपांनी विनंतिपत्रावर सह्या केल्या. तथापि ख्रिस्तसभेने त्यास वेदीवर बसविले नाही. ह्या पुरुषाचे नाव ख्रिस्तोफर कोलंबस. अलीकडे, विशेषतः इ. स. २०२० साली, अमेरिकेतील अनेक शहरांत त्याचे पुतळे लोकांनी पाडले किंवा अधिकाऱ्यांनी उतरविले. एका पिढीने ज्याची मूर्ती देवळात बसवू पाहिली त्याची मूर्ती दुसऱ्या पिढीने चौकातूनही काढावी, असा हा मनुष्य होता तरी कसा, आणि कोणत्या हेतूने तो समुद्रावर गेला, हे पाहण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. पृथ्वी सपाट आहे असे मानणाऱ्या अडाणी धर्मपंडितांनी कोलंबसाची चेष्टा केली आणि त्याने ती गोल असल्याचे सिद्ध करून दाखविले, ही गोष्ट आपल्यांपैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकली असेल. तिचा प्रसार मुख्यतः वॉशिंग्टन अर्व्हिंग नामक अमेरिकन लेखकाच्या इ. स. १८२८ च्या ग्रंथाने झाला, व तीत तथ्य नाही. पृथ्वी गोल आहे हे त्या काळचे सर्व सुशिक्षित लोक, धर्मगुरू धरून, जाणत होते. वाद होता तो पृथ्वीच्या आकाराविषयी नव्हे, तर तिच्या परिघाविषयी. कोलंबसाच्या हिशेबाने कॅनरी बेटांपासून जपान सुमारे २,४०० समुद्री मैल होते. वस्तुतः ते अंतर १०,००० मैलांहून अधिक आहे. पंडित म्हणत होते की इतका पल्ला कोणतेही गलबत अन्नपाण्यासह गाठू शकणार नाही. पंडितांचेच म्हणणे खरे होते! मध्ये अमेरिका आडवी आली नसती तर कोलंबस आणि त्याचे खलाशी तहानेने मेले असते.

ही चूक त्याच्या हातून कशी झाली हे पाहिले म्हणजे त्याच्या स्वभावाची किल्ली सापडते. अरब ज्योतिषी अल्-फर्गानी ह्याने पृथ्वीच्या एका अंशाचे माप मैलांत दिले होते. कोलंबसाने तो अरबी मैल न धरता त्याहून लहान असा रोमन मैल धरला. मार्को पोलोने जपान चीनच्या पूर्वेस फार दूर असल्याचे लिहिले होते. ते त्याने जसेच्या तसे घेतले. ज्या ज्या ठिकाणी दोन आकडे होते तेथे तेथे त्याने आपल्या मनोरथास अनुकूल असा आकडा निवडला. हा लबाडपणा नव्हे. त्यास जे हवे होते ते खरेच असले पाहिजे अशी त्याची आतून खात्री झालेली होती. अशी खात्री मनुष्यास महासागराच्या पार नेते. आणि तीच खात्री त्यास स्वतःची पापे दिसू देत नाही.

त्याचे पूर्वचरित्र थोडक्यात सांगू. इ. स. १४५१ च्या सुमारास जेनोवा येथे लोकर विणणाऱ्या डोमेनिको कोलंबो ह्याच्या घरी त्याचा जन्म झाला. पंचविशीच्या सुमारास पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ त्याचे जहाज बुडाले, आणि तो एका वल्ह्याच्या आधाराने पोहत किनाऱ्यास लागला असे त्याच्या मुलाने लिहून ठेविले आहे. पुढे लिस्बन येथे त्याने भावाबरोबर नकाशे काढण्याचा धंदा केला आणि पोर्तो सान्तो बेटाच्या दिवंगत अधिकाऱ्याच्या कन्येशी विवाह केला. पोर्तुगालच्या राजाने त्याची योजना नाकारली, तेव्हा इ. स. १४८५ मध्ये तो स्पेनमध्ये आला व पुढील सात वर्षे त्याने दरबाराच्या पायऱ्या झिजविल्या. ह्या काळात त्यास आधार कोणी दिला असेल तर तो पालोस बंदराजवळील ला राबिदा येथील फ्रान्सिस्कन मठाने. राणी इझाबेला हिचे पापनिवेदन पूर्वी ऐकणारे फादर हुआन पेरेझ ह्यांनी शेवटच्या घटकेस राणीस पत्र लिहिले नसते, तर कोलंबस फ्रान्सच्या वाटेस लागला होता.

परंतु ह्या दरिद्री, परदेशी, वारंवार नाकारलेल्या माणसाने राजाराणीपुढे मांडलेल्या अटी पाहा. त्यास महासागराचा सरखेल ही पदवी पाहिजे, ती वंशपरंपरा पाहिजे. जे प्रदेश सापडतील त्यांचे व्हाइसरॉयपद पाहिजे. आणि सोने, मोती, मसाले जे काही मिळेल त्याचा दशमांश पाहिजे. दशमांश हा शब्द आपणांस परिचित आहे. तो देवास द्यावयाचा असतो. दरबार चकित झाला व त्याने नकार दिला. कोलंबसाने एकही अट कमी केली नाही; खेचरावर बसून तो चालता झाला. शेवटी १७ एप्रिल १४९२ रोजी ग्रानादाजवळील सान्ता फे येथील छावणीत सर्व अटी मान्य झाल्या. विणकराच्या मुलास घराणे स्थापावयाचे होते. हा त्याचा पहिला हेतू, आणि तो त्याने कधीही लपविला नाही.

३ ऑगस्ट १४९२ रोजी तीन गलबते आणि सुमारे ९० माणसे घेऊन तो पालोसहून निघाला. प्रवासाची हकीकत आपणांस ठाऊक आहे, म्हणून तीत शिरत नाही. एवढेच सांगतो की जो प्रथम भूमी पाहील त्यास वर्षास १०,००० मारावेदींचे वेतन मिळावयाचे होते. १२ ऑक्टोबरच्या पहाटे २ वाजता रोद्रिगो नावाच्या खलाशाने डोलकाठीजवळून आरोळी मारली. परंतु सरखेल म्हणाले की, आदल्या रात्री १० वाजता आपणांस दूर एक दिवा लुकलुकताना दिसला होता. आणि वेतन सरखेलांस मिळाले. ज्यास साऱ्या नव्या प्रदेशाचा दशमांश मिळावयाचा होता त्याने एका खलाशाच्या तोंडचा घास का घ्यावा? आमच्या मते येथे पैशाचा लोभ थोडा आणि मानाचा अधिक होता. आपणांवाचून दुसऱ्या कोणी ती भूमी प्रथम पाहिली, हे त्यास सहन झाले नसते.

आता ह्याच मनुष्याची दुसरी बाजू पाहा. परतीच्या वाटेवर, १४ फेब्रुवारी १४९३ रोजी, अझोर्स बेटांच्या अलीकडे 'नीन्या' हे लहानसे गलबत भयंकर तुफानात सापडले. बरोबरचे गलबत दिसेनासे झाले. तेव्हा कोलंबसाने माणसे होती तितके हरभरे मागविले, त्यांतील एकावर सुरीने क्रूसाची खूण केली, आणि ते एका टोपीत टाकून हलविले. ज्याच्या हातात खुणेचा हरभरा येईल त्याने ग्वादालूपे येथील पवित्र मरियेच्या मंदिरी पाच पौंड मेणाची मेणबत्ती घेऊन यात्रेस जावे, असा नवस ठरला. पहिला हात कोलंबसाने घातला; खुणेचा हरभरा त्याच्याच हातात आला. दुसऱ्यांदा लोरेतोच्या यात्रेसाठी टोपी फिरली तेव्हा तो एका खलाशास मिळाला, व त्याच्या वाटखर्चाचे पैसे देण्याचे कोलंबसाने कबूल केले. तिसऱ्यांदा पुन्हा कोलंबसाच्याच हातात. मग सर्वांनी मिळून नवस केला की, जी पहिली भूमी लागेल तेथे सदऱ्यानिशी मिरवणुकीने पवित्र मरियेच्या मंदिरी जावे. तरीही वादळ शमेना, तेव्हा त्याने आपल्या शोधाची हकीकत चर्मपत्रावर लिहून, मेणकापडात गुंडाळून, पिंपात घालून समुद्रात सोडली. आपण मेलो तरी वार्ता राहावी! आपल्या किनाऱ्यावरील कोणत्याही कोळ्यास ह्या माणसाची प्रार्थना परकी वाटणार नाही. बुडणाऱ्या गलबतावर कोणी ढोंग करीत नाही.

त्याची भक्ती नित्याचीही होती. उपवास, प्रार्थना व नित्यविधी ह्यांत तो एखाद्या मठवासीयासारखा कडक होता असे त्याचा मुलगा फर्नांदो सांगतो. दुसऱ्या सफरीनंतर तो सेव्हिलच्या रस्त्यांतून फ्रान्सिस्कनांच्या झग्यासारखे जाडेभरडे वस्त्र घालून फिरे. पुढे पुढे तो आपली सहीसुद्धा 'ख्रिस्तास वाहून नेणारा' अशा अर्थाच्या शब्दांनी करू लागला. बाळ येशूस खांद्यावर घेऊन नदी उतरणाऱ्या संत ख्रिस्तोफरची कथा आपण जाणता. आपण तेच कार्य महासागरावर करीत आहोत अशी त्याची श्रद्धा होती.

म्हणजे दोन कोलंबस होते की काय? एक नवस करणारा आणि एक वेतन हिरावणारा? भाविक चरित्रकारांनी पहिला घेतला, टीकाकारांनी दुसरा. आमच्या मते कोलंबस एकच होता, आणि ह्या दोन बाजू जोडणारा दोरा म्हणजे सोने.

नाताळच्या रात्री, इ. स. १४९२ मध्ये, त्याचे मोठे जहाज 'सान्ता मारिया' हिस्पानिओला बेटाजवळ रेतीवर चढून फुटले. तेथील ताइनो लोकांचा प्रमुख ग्वाकानागारी ह्याने आपली माणसे व होड्या पाठवून सारे सामान किनाऱ्यावर आणविले. त्यातील वस्तू चोरीस गेली नाही म्हणून खुद्द कोलंबसानेच त्या लोकांची स्तुती केली आहे. दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबर रोजी, त्याने रोजनिशीत आशा व्यक्त केली की ह्या बेटावर इतके सोने सापडेल की तीन वर्षांच्या आत राजाराणीस जेरुसलेम येथील प्रभूचे पवित्र थडगे जिंकण्याची तयारी करता येईल. ही क्षणिक लहर नव्हती. इ. स. १४९८ मध्ये वारशाची व्यवस्था लिहिताना त्याने आपल्या मुलास जेनोवाच्या संत जॉर्ज पेढीत पैसा साठविण्यास सांगितले, तो ह्याच कार्यासाठी. इ. स. १५०१ च्या सुमारास त्याने फादर गोरिसिओ ह्या कार्थूसियन साधूच्या साहाय्याने भविष्यवाण्यांचा एक संग्रह तयार केला, व राजाराणीस लिहिले की ह्या सफरीस गणित किंवा नकाशे कामास आले नाहीत, यशया संदेष्ट्याचे वचन पूर्ण झाले. इ. स. १५०३ मध्ये जमैकाहून लिहिलेल्या पत्रात तर तो म्हणतो की सोन्याने मनुष्य जगात हवे ते करू शकतो, आत्म्यांस स्वर्गातही पोहोचवू शकतो.

सोने हवे ते जेरुसलेमसाठी. म्हणून सोने पवित्र. म्हणून सोने मिळविण्याचे जे जे साधन तेही निर्दोष. अशी ही साखळी आहे. तिचा प्रत्येक दुवा कोलंबसास धर्माचा वाटत होता. जो केवळ लोभी असतो त्यास एखाद्या रात्री तरी सद्सद्विवेकबुद्धी टोचते. ज्याने आपला लोभ प्रभूच्या थडग्यास वाहिलेला आहे त्यास ती टोचणार तरी कोठून?

परिणाम काय झाला? इ. स. १४९३ मध्ये १७ जहाजे व हजाराहून अधिक माणसे घेऊन तो परतला. अपेक्षेइतके सोने सापडेना. तेव्हा सिबाओ प्रांतातील चौदा वर्षांवरील प्रत्येक ताइनोने दर तीन महिन्यांनी ससाण्याच्या पायास बांधतात तेवढे घुंगरू भरून सोने द्यावे, असा कर त्याने बसविला. ज्या ओढ्यांत सोन्याचे कणच विरळ, तेथे हे शक्य नव्हते. लोक शेते टाकून डोंगरांत पळाले व उपासमारीने मेले. सोन्याची उणीव भरून काढण्यासाठी इ. स. १४९५ मध्ये सुमारे १,५०० स्त्रीपुरुष पकडण्यात आले. त्यांतील ५०० हून अधिक निवडून जहाजांत भरून विकण्यासाठी स्पेनला पाठविले, आणि सुमारे २०० वाटेतच मरण पावले. त्यांची प्रेते समुद्रात टाकण्यात आली. आपल्या नवसाने वाचलेल्या मनुष्याने हे करावे, हे वाचताना आम्हांस फार वेळ पुस्तक मिटून बसावे लागले.

'तो काळच तसा होता,' असे कोणी म्हणतील. हे उत्तर पुरेसे नाही, कारण त्याच काळी, त्याच धर्माच्या लोकांस हे खटकले. राजाराणीने प्रथम त्या लोकांच्या विक्रीची आज्ञा दिली, पण चारच दिवसांनी ती थांबविली व धर्मपंडितांचा विचार घेण्याचे ठरविले, आणि इ. स. १५०० मध्ये वाचलेल्यांस मुक्त करून परत पाठविण्याचा हुकूम सुटला. त्याच वर्षी चौकशीसाठी आलेल्या बोबादिया ह्या अधिकाऱ्याने कोलंबसास बेड्या घालून स्पेनला पाठविले. ह्या चौकशीचा कागद इ. स. २००५ मध्ये सिमांकास येथील दप्तरखान्यात सापडला. साक्षीदारांत त्याचे वैरी पुष्कळ होते हे ध्यानात ठेवूनही त्यातील एक आरोप आपण ऐकला पाहिजे: कोलंबसाच्या परवानगीवाचून ताइनो लोकांस बाप्तिस्मा देता येत नसे, कारण ख्रिस्ती झालेला मनुष्य गुलाम म्हणून विकता येत नाही. हा आरोप खरा असेल, तर ख्रिस्तास वाहून नेणाऱ्याने ख्रिस्तास किनाऱ्यावर उतरू दिले नाही असेच म्हणावे लागेल.

बेड्या काढण्यास जहाजाचा कप्तान तयार होता. कोलंबसाने नकार दिला. राजाराणीच्या आज्ञेने घातलेल्या बेड्या त्यांच्याच आज्ञेने निघतील, असे तो म्हणाला. पुढे त्या त्याने खोलीत जपून ठेविल्या व आपल्याबरोबर पुराव्यात असे सांगितले. ह्यात धैर्य आहे, मानीपणा आहे, आणि आपल्यावर अन्याय झाला ह्याविषयी तिळमात्र संशय नाही. स्वतःस तो ईयोबाच्या जागी पाहत होता.

त्याचे शौर्य मात्र कोणी नाकारू नये. वारा, पाणी व तारे ह्यांचे त्याचे ज्ञान असे होते की जन्मभर नाव हाकणाऱ्यांनीही तोंडात बोट घालावे. चौथ्या सफरीत, कीड लागून चाळण झालेली जहाजे जमैकाच्या किनाऱ्यास लावून तो एक वर्ष अडकून पडला. संधिवाताने पाय धरलेले, अर्धी माणसे बंड करून गेलेली. अन्न मिळेनासे झाले तेव्हा त्याने पंचांगात पाहून २९ फेब्रुवारी १५०४ च्या चंद्रग्रहणाचे भाकीत केले व देव कोपला आहे असे सांगून लोकांकडून अन्न मिळविले. चतुराई खरी, पण देवाचे नाव येथेही पोट भरण्याच्या कामी आले, हे आमच्या मनातून जात नाही.

त्यास ओळखणाऱ्यांत सर्वांत न्यायी साक्षीदार म्हणजे बार्तोलोमे दे लास कासास. त्यांचे वडील कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत होते. ते स्वतः इ. स. १५०२ मध्ये हिस्पानिओलास आले, आणि आरंभी त्यांच्याही पदरी वेठीची ताइनो माणसे होती. इ. स. १५११ च्या आगमनकाळात डोमिनिकन फादर मोंतेसिनोस ह्यांनी सान्तो दोमिंगोच्या व्यासपीठावरून वसाहतवाल्यांस विचारले की, ही माणसे नाहीत काय, ह्यांस आत्मा नाही काय? इ. स. १५१४ मध्ये लास कासास ह्यांनी आपली वेठीची माणसे सोडून दिली व उरलेले आयुष्य त्या लोकांच्या कैवारात घालविले. कोलंबसाची रोजनिशी आज आपणांस वाचता येते ती त्यांनीच केलेल्या गोषवाऱ्यामुळे. त्यांनी कोलंबसाच्या भक्तीची मुक्तकंठाने स्तुती केली आहे, आणि त्याच ग्रंथात त्या बेटांच्या नाशाचा आरंभ त्याच्याच हातून झाला हेही लिहिले आहे. त्यांस ह्या दोहोंपैकी एक खोडावे असे वाटले नाही. इ. स. १५३७ मध्ये पोप तिसरे पॉल ह्यांनी त्या लोकांस गुलाम करू नये, त्यांची मालमत्ता हिरावू नये असे जाहीर केले, तोपर्यंत हिस्पानिओलाचे ताइनो, काही वेठीने व काही युरोपातून आलेल्या रोगांनी, जवळजवळ नाहीसे झाले होते.

एकोणिसाव्या शतकात रोसेली दे लोर्ग ह्या फ्रेंच गृहस्थांनी कोलंबसाच्या संतपदाची चळवळ केली. आड आली ती मुख्यतः कोर्दोबाच्या बेआत्रिझ एन्रिकेझची गोष्ट. ती फर्नांदोची आई, परंतु कोलंबसाने तिच्याशी विवाह केला नव्हता. पोप तेरावे लिओ ह्यांनी इ. स. १८९२ च्या परिपत्रात कोलंबस आपला आहे असे अभिमानाने म्हटले व त्याच्या श्रद्धेस मुख्य प्रेरणा मानले. तरी त्यास संत म्हटले नाही. आम्हांस मात्र असे वाटते की ह्या सर्व विचारात बेआत्रिझचे नाव निघाले आणि त्या २०० जणांचे फारसे निघाले नाही, हे त्या शतकाचे उणे आहे.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. हिंदुस्थानच्या शोधात तो निघाला होता, व आपल्या देशाचे नाव तो मरेपर्यंत परक्या लोकांस देत राहिला. आपल्या स्वयंपाकघरातील मिरची, पेरू, अननस ही त्याच वाटेने सापडलेली. आणि आपल्या किनाऱ्यावर जी पोर्तुगीज गलबते आली त्यांतही क्रूस व तराजू एकाच डोलकाठीखाली होते. संत फ्रान्सिस झेवियर ह्यांनी पोर्तुगालच्या राजास लिहिलेल्या पत्रांत येथील अधिकाऱ्यांच्या लोभामुळे धर्मकार्यास अडथळा येतो अशी कडक तक्रार केली आहे. ते त्याच गलबतातून आले होते, पण दशमांश मागून आले नव्हते.

२० मे १५०६ रोजी वायादोलिद येथे कोलंबसाने देह ठेविला. त्याच्या मृत्युपत्रात बेआत्रिझची सोय लावण्याची मुलास आज्ञा आहे; तिचा भार आपल्या जिवावर फार आहे, कारण येथे लिहिणे योग्य नाही, असे तो सांगतो. त्यासोबत स्वतःच्या हाताने लिहिलेली एक यादी आहे. तरुणपणी ज्यांचे देणे राहिले असावे अशा काही माणसांस, जेनोवाच्या व्यापाऱ्यांस, लिस्बनच्या यहुदी वस्तीच्या वेशीजवळ राहणाऱ्या एका यहुद्यास, थोडे थोडे पैसे द्यावेत, आणि ते कोणी पाठविले हे त्यांस कळू देऊ नये, असे त्यात आहे. पंचवीस वर्षांपूर्वीचे अर्धा मार्क चांदीचे ऋण त्यास मृत्युशय्येवर आठवले. हिस्पानिओलाच्या कोणाही माणसाचे नाव त्या यादीत नाही.